न खाजणारा चट्टा आणि मज्जातंतूंचे खत

पावसाळा सरता सरता कोकणातल्या दवाखान्यांत त्वचेच्या तक्रारींची गर्दी होते. लावणीपासून ओल्या कपड्यांत आणि चिखलात वावरल्यावर नायटा, शिबे, पायाच्या बोटांमधल्या चिखल्या हे ओघानेच आले. यातले बहुतेक विकार खाजतात, चुरचुरतात, म्हणून माणूस आज ना उद्या डॉक्टरकडे येतोच. पण एखादा फिकट किंवा किंचित लालसर चट्टा असा असतो की जो खाजतही नाही आणि दुखतही नाही. सगळे अंग घामाने भिजले तरी तेवढी जागा कोरडी राहते. तिथली लव विरळ होते. "काही त्रास नाही ना, मग असू दे," असे म्हणून माणूस तो वर्षानुवर्षे अंगावर वागवतो.

नेमका तोच चट्टा दाखवायला हवा असतो. संवेदना गेलेला चट्टा हे कुष्ठरोगाचे महत्त्वाचे लक्षण आहे, हे भिंतींवरच्या पाट्यांमुळे आता शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. परंतु ती संवेदना जाते कशी? आणि त्याच जागेचा घाम का आटतो? 'जंतू नस खातात' हे आपल्याकडचे प्रचलित उत्तर. ते अर्धेच खरे आहे. उरलेल्या अर्ध्यात दोन गोष्टी येतात. एक म्हणजे आपल्याच रोगप्रतिकारशक्तीचा अतिरेक आणि दुसरी म्हणजे त्वचेत तयार होणारे एक द्रव्य. हे द्रव्य मज्जातंतूंना जगवते आणि प्रतिकार करणाऱ्या पेशींनाही हुकूम देते. दमा, उन्हाळ्यात मुलांचे डोळे खाजणे, सांध्यांची सूज अशा वरवर एकमेकांशी संबंध नसलेल्या आजारांतही ते हजर असते. आजच्या लेखात त्याची ओळख करून घेऊ.

तार नव्हे, वेल

मज्जातंतू म्हणजे विजेची तार, अशी उपमा आपण नेहमी देतो. ती निरोप पोचवण्यापुरती ठीक आहे. पण तार एकदा ओढली की तिला खायला-प्यायला लागत नाही. मज्जातंतू ही जिवंत पेशी आहे. पायाच्या अंगठ्याला काटा बोचल्याचे सांगणाऱ्या पेशीचे मुख्य शरीर पाठीच्या कण्याच्या शेजारी असते आणि तिथून तिचा केसाहूनही बारीक तंतू थेट अंगठ्यापर्यंत येतो. म्हणजे एकच पेशी जवळजवळ मीटरभर लांब! एवढ्या दूरच्या टोकाची खबरबात तिला कशी लागते?

सुपारीवर चढवलेल्या मिरवेलीला पाणी मुळाकडून मिळते. मज्जातंतूचे थोडे उलटे आहे. त्याला जगण्याचा निरोप शेंड्याकडून मिळतो. त्वचेच्या वरच्या थरातल्या पेशी एक प्रथिन सतत थोडे थोडे तयार करतात. तंतूचे टोक ते शोषून घेते आणि तंतूच्या आतून ते कण्याजवळच्या मुख्य पेशीपर्यंत पोचवले जाते. ते पोचत राहिले की पेशी समजते की आपले टोक शाबूत आहे आणि तिथे आपली गरज आहे. गर्भावस्थेत हा पुरवठा मिळाला नाही तर वेदनेच्या पेशी चक्क मरतात. मोठेपणी पुरवठा आटला तर त्या सहसा मरत नाहीत, पण सुकतात, मंद होतात, टोके आखडून घेतात. या प्रथिनाचे नाव नर्व्ह ग्रोथ फॅक्टर, थोडक्यात एन.जी.एफ. आपण त्याला मज्जातंतूंचे खत म्हणू.

ते काम करते ते दोन कुलपांच्या मार्फत. मज्जातंतूच्या पृष्ठभागावर 'ट्रक-ए' आणि 'पी-७५' अशा नावांची ग्राहक प्रथिने असतात. त्यांत ही किल्ली बसली की आतली यंत्रणा सुरू होते. काही मुले ट्रक-ए हे कुलूपच बिघडलेले घेऊन जन्माला येतात. १९९६ मध्ये जपानी संशोधकांनी हा जनुकीय दोष शोधून काढला. या मुलांना वेदना कळत नाही आणि घामही येत नाही. जीभ चावली जाते, हाडे मोडतात, मुलाला पत्ताही नसतो. घामाच्या ग्रंथींकडे जाणारे तंतूही याच खतावर पोसलेले असतात, हे यावरून लक्षात येईल. आपल्या कोरड्या चट्ट्याचे कोडे इथून थोडे उलगडू लागते.

झोपण्याच्या खोलीतली प्रयोगशाळा

या द्रव्याचा शोध लावणाऱ्या बाईंची हकिगत सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. रीटा लेव्ही-मोंतालचिनी या इटलीतल्या तुरीन शहरातल्या ज्यू कुटुंबातल्या डॉक्टर. १९३८ मध्ये मुसोलिनीच्या सरकारने वंशभेदाचे कायदे केले आणि त्यांना विद्यापीठातून बाहेर पडावे लागले. त्यांनी घरातल्या झोपण्याच्या खोलीतच प्रयोगशाळा थाटली. शिवणाच्या सुयांना धार लावून हत्यारे केली, कोंबडीची उबवलेली अंडी मिळवली आणि आतल्या भ्रूणाच्या मज्जातंतूंची वाढ कशी होते ते पाहू लागल्या. बाहेर बॉम्बवर्षाव चालू असताना!

युद्धानंतर १९४७ मध्ये व्हिक्टर हॅम्बर्गर या शास्त्रज्ञाने त्यांना अमेरिकेत सेंट लुईस येथे बोलावले. तिथे असे दिसले की उंदराच्या एका गाठीचा तुकडा कोंबडीच्या भ्रूणाला जोडला की मज्जातंतू त्या गाठीत सैरावैरा शिरतात. गाठीतून काहीतरी पाझरत होते. ते पक्के करण्यासाठी बाई १९५२ मध्ये गाठी असलेले उंदीर बरोबर घेऊन विमानाने ब्राझीलमधल्या रिओ द जानेरोला गेल्या. कारण पेशी काचेच्या बशीत वाढवण्याची सोय तिथल्या त्यांच्या मैत्रिणीच्या प्रयोगशाळेत होती. बशीत गाठीशेजारी ठेवलेल्या मज्जागुच्छाभोवती एका दिवसात तंतूंचे प्रभामंडळ उमटले.

पुढे स्टॅनली कोहेन या जीवरसायनशास्त्रज्ञाने ते द्रव्य वेगळे करण्याचे काम हाती घेतले. अशुद्ध घटक नष्ट करायला म्हणून सापाचे विष वापरले, तर त्या विषातच हे द्रव्य ठासून भरलेले निघाले. विष जिथे तयार होते ती ग्रंथी म्हणजे लाळग्रंथीचीच बहीण, असा विचार करून उंदराची लाळग्रंथी पाहिली आणि खजिनाच सापडला. १९८६ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक दोघांना विभागून मिळाले. बाई १०३ वर्षांचे आयुष्य जगून डिसेंबर २०१२ मध्ये गेल्या.

खताचे दुसरे गिऱ्हाईक

इथपर्यंत ही मज्जातंतूंची गोष्ट होती. १९७७ मध्ये लेव्ही-मोंतालचिनी आणि लुईजी अलोए यांनी नवजात उंदरांना एन.जी.एफ. टोचले. मज्जातंतू वाढायचे ते वाढलेच, पण त्यांच्या ऊतींमध्ये मास्ट पेशींची संख्याही वाढलेली दिसली. हे कोणाच्या ध्यानीमनी नव्हते.

मास्ट पेशी म्हणजे शरीराच्या वेशीवरचे रखवालदार. त्वचा, नाक, श्वासनलिका, आतडे अशा जिथे जिथे बाहेरचे जग आत येऊ पाहते तिथे त्या ठाण मांडून असतात. त्यांच्या पोटात हिस्टामीनसारख्या द्रव्यांची कोठारे असतात. संशय आला की कोठार फुटते. मग गांधी उठते, नाक वाहते, श्वासनलिका आवळते. या पेशी फार वेळा मज्जातंतूंच्या टोकांना अगदी खेटून बसलेल्या आढळतात. शेजार असा असला म्हणजे बोलणे-चालणे होणारच. १९९० च्या दशकात असेही दिसून आले की मास्ट पेशी एन.जी.एफ. नुसते घेत नाहीत, तर स्वतः तयारही करतात.

म्हणजे काय होते पाहा. मास्ट पेशीने खत सोडले, त्याने वेदना आणि खाज सांगणारे तंतू जास्त हळवे झाले. हळव्या तंतूंनी आपल्या टोकांतून अशी द्रव्ये सोडली की ज्यांनी मास्ट पेशी आणखी चवताळल्या. त्यांनी आणखी खत सोडले. जुनी खरूज नसतानाही खाज का थांबत नाही, जितके खाजवावे तितकी का वाढते, याच्या कारणांपैकी हे एक फिरते चक्र आहे.

१९९६ मध्ये इटलीतल्या बोनिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दमा आणि ॲलर्जीच्या रुग्णांचे रक्त तपासले, तर त्यात या द्रव्याचे प्रमाण वाढलेले होते. ॲलर्जीच्या दम्यात ते विशेष वाढलेले होते. दरवर्षी उन्हाळा आला की ज्या मुलांचे डोळे लाल होऊन खाजतात, चिकट धागे येतात, त्यांच्या त्या विकारातही हेच आढळले. आणखी एक मजेशीर निरीक्षण इटालियन सैनिकांवरचे आहे. पॅराशूटने पहिली उडी मारायच्या आदल्या संध्याकाळीच त्यांच्या रक्तात एन.जी.एफ. वाढलेले होते. उडी अजून घ्यायचीच होती! परीक्षेच्या तोंडावर मुलाचा दमा उसळतो, त्याला घरचे 'नाटक' म्हणतात. त्यांनी हे सैनिक आठवावेत. भीती आणि काळजी यांचे निरोप रक्तातून प्रतिकारपेशींपर्यंत जातात ते असे. अर्थात वाट ही एकच नाही.

पुढे लिम्फोसाईट आणि मोनोसाईट या पांढऱ्या पेशींवरही हीच कुलपे सापडली. प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशींपैकी ज्या जुन्या शत्रूची आठवण जपून ठेवतात, त्या जगण्यासाठी स्वतःच हे खत तयार करतात असे १९९६ मध्ये दिसले. आमवातात सुजलेल्या सांध्यातल्या पाण्यात ते वाढलेले असते. 'ल्युपस' या स्वतःच्याच शरीरावर उलटणाऱ्या विकारात ते रक्तात वाढलेले आढळले. मज्जातंतूंचे आवरण झडणाऱ्या 'मल्टिपल स्क्लेरोसिस'मध्ये ते मणक्यातल्या पाण्यात सापडले.

तेव्हा हे द्रव्य शत्रू मानायचे का? इथे घाई करू नये. आग लागलेल्या घरापाशी नेहमी बंब दिसतो, म्हणून आग बंबाने लावली असे होत नाही. माकडांमध्ये मल्टिपल स्क्लेरोसिससारखा विकार मुद्दाम निर्माण करून त्यांना एन.जी.एफ. दिले, तेव्हा विकार लांबला, असे २००० सालच्या एका प्रयोगात दिसले. मोनोसाईट पेशी जंतूच्या चाहुलीने खवळल्या की त्यांच्यावरचे ट्रक-ए कुलूप वाढते आणि त्यात किल्ली बसली की त्यांचा आवेश ओसरतो, असेही अलीकडच्या प्रयोगांत आढळले आहे. एकूण पाहता मास्ट पेशींना हे द्रव्य चिथावते आणि मोनोसाईटना आवरते. कोणत्या पेशीवर, कोणत्या वेळी, कोणते कुलूप उघडले यावर सगळे अवलंबून. लेखकाला विचाराल तर शरीरातल्या द्रव्यांना 'चांगले' आणि 'वाईट' अशी लेबले लावण्याची आपली सवय सोडायला हे उदाहरण उत्तम आहे.

आता पुन्हा चट्ट्याकडे

कुष्ठरोगाला कोकणात आजही जुनी माणसे रक्तपिती म्हणतात. आपल्या जिल्ह्याचा या रोगाशी जुना संबंध आहे. एकोणिसाव्या शतकात सर दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून रत्नागिरीत कुष्ठरुग्णांसाठी आश्रयस्थान उभे राहिले होते. त्याच काळात मुंबई इलाख्यात या रोगाचा पद्धतशीर अभ्यास केला तो हेन्री व्हॅन्डाइक कार्टर या डॉक्टरने. 'ग्रेज ॲनाटॉमी' या जगप्रसिद्ध ग्रंथातली चित्रे याच कार्टरने काढलेली आहेत. १८५८ मध्ये तो मुंबईला आला, ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवू लागला आणि जे. जे. रुग्णालयातल्या कुष्ठरुग्णांच्या मज्जातंतूंची जाड झालेली दोरखंडे त्याने चितारून ठेवली. नॉर्वेच्या हॅन्सनला जंतू सापडायच्या आधीच, १८६२ मध्ये, त्याचा लेख प्रसिद्ध झाला होता. रोग त्वचेवर दिसतो पण घाव मज्जातंतूवर असतो, हे इतक्या लवकर मुंबईत नोंदले गेले, याचा आपल्याला विसर पडला आहे.

हॅन्सनने १८७३ मध्ये शोधलेला हा जंतू मोठा सावकाश आहे. एकाचे दोन व्हायला त्याला जवळजवळ दोन आठवडे लागतात, म्हणून लागण होऊन लक्षणे दिसेपर्यंत सरासरी पाच वर्षे आणि कधीकधी वीस वर्षेही जातात. त्याला थंड जागा आवडतात. त्यामुळे कानाची पाळी, कोपर, गुडघ्याची बाहेरची बाजू, घोटा अशा त्वचेलगतच्या ठिकाणच्या नसा तो पकडतो. तिथे मज्जातंतूला वेढून बसणाऱ्या 'श्वान' पेशींत तो घर करतो.

बहुसंख्य माणसांची प्रतिकारशक्ती या जंतूला दारातच अडवते. ज्यांची अडवत नाही, त्यांच्यात दोन टोके दिसतात. एका टोकाला प्रतिकारशक्ती जवळजवळ झोपलेली असते. जंतू कोट्यवधींनी वाढतात, पण नसा हळूहळू जातात. दुसऱ्या टोकाला प्रतिकारशक्ती फार खवळलेली असते. जंतू शोधूनही सापडत नाहीत, पण त्यांना मारायला आलेल्या पेशींचा जथा मज्जातंतूच्या आवरणातच तळ ठोकतो आणि त्या धुमश्चक्रीत नस चिरडते. जंतू थोडे आणि नुकसान लवकर, हे विचित्र वाटते. पण चोरापेक्षा पाठलाग करणाऱ्यांनीच बाग तुडवावी, तसा हा प्रकार आहे.

यात आपल्या खताचे काय होते? १९९४ मध्ये 'लॅन्सेट' या विख्यात वैद्यकीय नियतकालिकात डॉ. प्रवीण आनंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक छोटा लेख आला. काही सहकारी मुंबईचे होते. कुष्ठरुग्णांच्या बाधित त्वचेत आणि मज्जातंतूंत एन.जी.एफ. घटलेले त्यांना आढळले. दमा आणि आमवात यांत जे द्रव्य वाढते, ते इथे आटते! त्वचेतून पुरवठा नाही, म्हणून वेदना व उष्णता सांगणारे बारीक तंतू उपाशी. घामाच्या ग्रंथींचे तंतूही उपाशी. जंतूंचा हल्ला, प्रतिकारपेशींची तुडवातुडव आणि वर ही उपासमार, असे तीन घाव एकाच जागी बसतात. चट्टा बधिर आणि कोरडा होतो तो असा.

वेदना गेल्याचे परिणाम तर आपण पाहतोच. 'बोटे झडतात' असे म्हणतात, पण रोगाने बोटे झडत नाहीत. तमिळनाडूत वेल्लोर येथे डॉ. पॉल ब्रँड यांनी वर्षानुवर्षे निरीक्षण करून दाखवले की चुलीवरचा टोप उचलताना भाजणे, चपलेतला खडा दिवसभर टोचत राहणे, विडी बोटापर्यंत जळत येणे, अशा न कळलेल्या जखमा, त्यांत होणारा जंतुसंसर्ग आणि हाडांची झीज यांमुळे बोटे आखूड होतात. मुंबईत डॉ. नोशीर अंतिया यांनी वाकड्या झालेल्या हातापायांवर शस्त्रक्रिया केल्या आणि फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्च या संस्थेत मज्जातंतूंच्या हानीचा अभ्यास चालवला.

औषध म्हणून?

द्रव्य कमी पडले तर बाहेरून द्यावे, हा विचार साहजिक आहे. मधुमेहात पायांच्या नसा बधिर होतात. त्यांच्यावर कृत्रिमरीत्या बनवलेले एन.जी.एफ. टोचून १९९० च्या दशकात मोठ्या चाचण्या झाल्या. सुरुवातीला आशा वाटली, पण अखेरच्या मोठ्या चाचणीत ठोस फायदा दिसला नाही आणि टोचलेली जागा मात्र चांगलीच दुखायची. खत फार झाले की तंतू हळवे होतात, हे आपण वर पाहिलेच. यश मिळाले ते डोळ्यात. बुब्बुळावरच्या पारदर्शक पडद्याच्या नसा गेल्या की तिथली जखम भरत नाही. त्यासाठी एन.जी.एफ.चे थेंब २०१८ मध्ये अमेरिकेत मंजूर झाले. किंमत मात्र सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरची आहे.

दुसऱ्या बाजूने, गुडघेदुखीवर या द्रव्याला बांधून ठेवणारे 'टॅनेझुमॅब' नावाचे प्रतिपिंड तयार झाले. दुखणे खरोखरच कमी झाले. पण काही रुग्णांचे सांधे झपाट्याने झिजले. २०१० मध्ये चाचण्या थांबवाव्या लागल्या, पुढे पुन्हा सुरू झाल्या आणि २०२१ मध्ये अमेरिकेच्या औषध नियंत्रण खात्याच्या सल्लागारांनी विरोधात कौल दिल्यावर कंपनीने नाद सोडला. वेदना दबल्यामुळे रुग्णांनी सांध्यावर झेपेल त्यापेक्षा जास्त भार टाकला असावा, हे त्याचे एक स्पष्टीकरण दिले जाते. कुष्ठरुग्णाच्या पावलाचे जे होते त्याच्याशी याचे साम्य आहे.

कुष्ठरोगासाठी मात्र एन.जी.एफ.चे कोणतेही औषध आज वापरात नाही. तेव्हा 'नसा पुन्हा उगवतील' असे सांगून कोणी महागडी टॉनिके, काढे किंवा इंजेक्शने गळ्यात मारत असेल तर खिसा सांभाळा. बी-१२ च्या गोळ्या म्हणजे एन.जी.एफ. नव्हे. जीवनसत्त्व कमी असेल तर त्या जरूर घ्याव्यात, पण बधिर चट्ट्यावर तो उपाय नाही.

'गोळ्यांनी आजार वाढला'

जंतूंवर मात्र उत्तम उपाय आहे. एकत्र देण्याची बहुविध औषधयोजना १९८० च्या दशकापासून वापरात आहे. रोगाच्या प्रकारानुसार ती सहा महिने किंवा बारा महिने घ्यावी लागते. सरकारी दवाखान्यात ती मोफत मिळते. उपचार सुरू झाल्यावर रुग्णापासून इतरांना लागण होण्याची शक्यता झपाट्याने संपते, म्हणून त्याला घरात वेगळे ठेवण्याचे काहीच कारण नाही.

अडचण येते ती वेगळ्याच वळणावर. गोळ्या सुरू करून दोन-तीन महिने होतात आणि एके दिवशी जुने चट्टे लाल होऊन फुगतात. कोपराजवळची नस ठणकू लागते. हात-पाय सुजतात. दुसऱ्या प्रकारात ताप येतो, अंगावर लाल, दुखऱ्या गाठी उठतात, सांधे धरतात, डोळे लाल होतात. घरातले म्हणतात, "औषध गरम पडले, बंद कर." रुग्ण गोळ्या टाकून देतो, देवाला कौल लावतो किंवा दुसऱ्या गावच्या वैद्याकडे जातो. आणि त्या पंधरा-वीस दिवसांत हाताची बोटे आत वळतात, पाऊल लोंबते.

हे औषधाचे विष नव्हे आणि जंतूंची वाढही नव्हे. ही प्रतिकारशक्तीची उसळी आहे. डॉक्टर तिला 'रिॲक्शन' म्हणतात. मेलेल्या जंतूंच्या अवशेषांवरही पांढऱ्या पेशी तुटून पडतात आणि ते अवशेष मज्जातंतूत असल्याने मार मज्जातंतूला बसतो. असा प्रकार उपचारांच्या आधी, उपचार चालू असताना किंवा उपचार पूर्ण झाल्यावरही होऊ शकतो. यावर जंतुनाशक गोळ्या बंद करायच्या नसतात. त्या चालूच ठेवून वर प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड काही आठवडे ते काही महिने, हळूहळू मात्रा उतरवत देतात. गाठी वारंवार उठत असतील तर थॅलिडोमाइडही उपयोगी पडते. परंतु गर्भावर त्याचे भयंकर परिणाम होत असल्याने ते केवळ तज्ज्ञांच्या हातातले औषध आहे. स्टेरॉइडही दुकानातून आपल्या मनाने आणून घेऊ नये. साखर, रक्तदाब, क्षयरोग पाहूनच ते द्यावे लागते.

इथे वेळेला फार किंमत आहे. बधिरपणा किंवा स्नायूंचा अशक्तपणा सुरू होऊन सहा महिन्यांच्या आत उपचार झाले तर नस परत कामाला लागण्याची बरीच आशा असते. वर्ष उलटल्यावर तीच आशा फार थोडी उरते. म्हणून उपचार घेणाऱ्याने आणि नुकताच उपचार संपवलेल्याने काही गोष्टी स्वतः पाहाव्यात. सदऱ्याची गुंडी लावताना बोटे अडखळतात का? चालताना चप्पल पायातून निसटते का? रात्री पापणी पूर्ण मिटते का? पूर्वी कळणारा चटका आता उशिरा कळतो का? यातले एकही उत्तर नेहमीपेक्षा वेगळे आले तर पुढच्या गोळ्यांच्या तारखेची वाट न पाहता त्याच आठवड्यात दवाखाना गाठावा.

ज्यांची संवेदना आधीच गेली आहे त्यांना डोळ्यांनी वेदनेचे काम करावे लागते. रोज रात्री तळपाय उजेडात पाहावेत, दिसत नसतील तर आरसा धरावा किंवा घरातल्या कोणाला पाहायला सांगावे. अर्धा तास साध्या पाण्यात पाय बुडवून मग खोबरेल चोळावे. घाम नसल्याने तिथली त्वचा भेगाळते आणि भेगेतूनच जखम सुरू होते. टोप उतरवायला जाड फडके वापरावे, विळी-कोयत्याच्या मुठीला कापड गुंडाळावे. कातळावर आणि शेताच्या बांधावर अनवाणी चालू नये. मऊ रबराच्या एम.सी.आर. चपला कुष्ठरोग कार्यक्रमातून मिळतात, त्या मागून घ्याव्यात.

डिसेंबर २००५ मध्ये भारतात दर दहा हजार लोकसंख्येमागे रुग्णांचे प्रमाण एकाच्या खाली आले आणि सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून या रोगाचे निर्मूलन झाल्याचे जाहीर झाले. त्यामुळे 'हा रोग आता राहिलाच नाही' असा समज पसरला. वास्तविक दरवर्षी जगात नव्याने सापडणाऱ्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक आजही आपल्या देशातच सापडतात. घरात एक रुग्ण निघाला तर बाकीच्या सर्वांची, लहान मुलांचीही, त्वचा तपासून घ्यावी. निरोगी निकटवर्तीयांना प्रतिबंधासाठी रिफाम्पिसिनची एकच मात्रा देण्याची सोय राष्ट्रीय कार्यक्रमात आहे. गावातल्या आशाताईंना विचारले तर त्या प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवतील. तिथे डॉक्टर तुम्हाला डोळे मिटायला सांगतील, पेनाच्या टोकाने किंवा कापसाच्या धाग्याने चट्ट्याला आणि शेजारच्या चांगल्या कातडीला आळीपाळीने हलकेच स्पर्श करतील आणि कुठे स्पर्श झाला तिथे बोट ठेवायला सांगतील. या तपासणीला पाच मिनिटे लागतात, सुई नाही आणि पैसेही नाहीत.